व्हिसा त्याचा, जीव तिचा

अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी करताना आपण काय काय विचारतो? पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, व्हिसा कुठला, ग्रीन कार्डाचं कुठवर आलंय. एच-वन, एच-फोर हे शब्द आता सांगली, लातूर, जळगावच्या घराघरांत गुण आणि नाडीइतक्याच सराईतपणे बोलले जातात. पण याच व्हिसाला चिकटलेला एक प्रश्न कुणीच विचारत नाही. शुभकार्याच्या बोलणीत तो विचारायला जीभ रेटत नाही, हेही खरं. तो प्रश्न असा : तिथे नवऱ्याने बायकोवर हात उचलला, पोलीस आले, गुन्हा शाबीत झाला, तर त्या व्हिसाचं काय होतं? आणि त्या व्हिसावर जिचं तिथलं राहणं टिकून आहे, तिचं काय होतं?

२०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. हातापायांत बेड्या घातलेल्या माणसांची ती दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून परदेशात लेक असलेल्या आया मला विचारतात, "कायद्याने राहणाऱ्यांनाही असं परत पाठवतात का हो?" ती माणसं बिनापरवाना सीमा ओलांडून गेलेली होती, त्यांची गोष्ट वेगळी. पण आयांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच आहे. रीतसर व्हिसा असलेल्याला, इतकंच काय, वीस वर्षं ग्रीन कार्ड बाळगणाऱ्यालाही काही गुन्ह्यांसाठी अमेरिका देशाबाहेर काढू शकते. बायकोला मारणं हा त्या गुन्ह्यांपैकी एक आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे गुंडाला जिल्ह्यातून तडीपार करतात, तसंच काहीसं हे. फरक इतका की इथे तडीपारी अख्ख्या देशातून होते. १९९६ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा कडक केला. त्यात देशात आल्यानंतर घरगुती हिंसाचार, पाठलाग करून छळ, मुलांना मारहाण किंवा त्यांची आबाळ, यांपैकी कशाबद्दलही दोषी ठरलेला परका नागरिक हद्दपारीला पात्र, असं कलम घातलं गेलं. परका नागरिक म्हणजे ज्याच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व नाही असा कुणीही. विद्यार्थी आला, एच-वनवाला इंजिनीअर आला, ग्रीन कार्डवालाही आला. आपल्याकडे ग्रीन कार्ड म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं समजतात. ते तिथे कायम राहण्याचा परवाना देतं, नागरिकत्व देत नाही, आणि परवाना काढून घेता येतो.

यात फक्त लग्नाची बायकोच येते असंही नाही. घटस्फोटित बायको, लग्नाशिवाय सोबत राहणारी जोडीदार, जिच्यापासून मूल आहे अशी स्त्री, या सगळ्या त्यात येतात.

कामकाजही दोन ठिकाणी चालतं. आधी फौजदारी कोर्टात मारहाणीचा खटला होतो. तिथली शिक्षा भोगून झाली तरी प्रकरण मिटत नाही. पुढे इमिग्रेशन कोर्टात वेगळी सुनावणी होते आणि तिथे प्रश्न एकच असतो : या माणसाला देशात ठेवायचं की नाही? फौजदारी खटल्यात गरिबाला सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, स्वतःच्या खिशातून करावा लागतो. हद्दपारीचा हुकूम निघाला तर साधारण दहा वर्षं परत येण्याची बंदी लागते. गुन्हा फार गंभीर ठरला तर ती बंदी जन्मभराची होते.

तीनशे चौसष्ट दिवसांची गोष्ट

'गंभीर' कशाला म्हणायचं, याचा हिशोब मात्र चक्रावून टाकणारा आहे. मारहाणीच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा त्याहून जास्त शिक्षा सुनावली गेली, मग ती प्रत्यक्षात भोगायला लावली नाही तरीही, स्थलांतराच्या कायद्यात तो सर्वांत वरच्या श्रेणीचा गुन्हा ठरू शकतो. बरीच वर्षं राहिलेला ग्रीन कार्डवाला एरवी न्यायाधीशापुढे दयेचा अर्ज करू शकतो. या श्रेणीत गेल्यावर तोही दरवाजा बंद. म्हणून ३६५ दिवसांऐवजी ३६४ दिवसांची शिक्षा मिळावी यासाठी तिथले वकील जिवाचं रान करतात. एका दिवसाने माणसाचं उभं आयुष्य बदलतं. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किरकोळ वर्गातल्या गुन्ह्यांची कमाल शिक्षाच ३६४ दिवसांवर आणली, ती याचसाठी.

दुसरी मेख 'दोषी' या शब्दात आहे. तिथले बहुतेक खटले साक्षीपुराव्यापर्यंत जातच नाहीत. आरोपी सरकारी वकिलाशी तडजोड करतो, गुन्हा कबूल करतो आणि त्याला कमी शिक्षा मिळते. पुष्कळदा तुरुंगवासाऐवजी प्रोबेशन मिळतं. कॅलिफोर्नियात अशा प्रोबेशनबरोबर ५२ आठवड्यांचा सुधारवर्ग सक्तीचा असतो. नवऱ्याला वाटतं, सुटलो. 'वर्षभर नीट वागलास तर केस काढून टाकू' असंही कधी कोर्ट म्हणतं. पण स्थलांतराच्या कायद्यात दोषी शब्दाची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने कुठलंही बंधन घातलं, की तो दोषी. पुढे फौजदारी कोर्टाने केस पुसून टाकली तरी इमिग्रेशनच्या दप्तरात ती बहुतेक वेळा राहतेच.

आरोपीला हे आधी कळायला नको का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पॅडिला खटल्यात नेमकं हेच सांगितलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिलेल्या, व्हिएतनाम युद्धात तिच्या बाजूने लढलेल्या एका परक्या नागरिकाने वकिलाच्या भरवशावर अमली पदार्थांचा गुन्हा कबूल केला होता, आणि त्यामुळे हद्दपारी त्याच्या मानगुटीवर बसली. तेव्हापासून गुन्हा कबूल करण्याआधी देशाबाहेर जावं लागण्याचा धोका अशिलाला सांगणं, हे वकिलाचं कर्तव्य ठरलं.

याची दुसरी बाजूही पाहा. २०१७ साली कॅलिफोर्नियात भारतीय वंशाच्या एका कंपनीप्रमुखाचा खटला गाजला. आरोप बायकोला मारहाणीचा होता. तडजोडीत त्याच्यावरचं कलम बदलण्यात आलं. मारहाणीचं मूळ कलम राहिलं असतं तर त्याला देश सोडावा लागला असता, ही गोष्ट त्या तडजोडीमागे होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मार खाल्लेली बायको कोर्टात उभी राहून जे बोलली ते जगभर वाचलं गेलं आणि संतापाची लाट उठली. म्हणजे हद्दपारीचा धाक एवढा मोठा, की त्या धाकापायीच गुन्ह्याचं नाव बदलतं आणि तिच्यावर जे गुदरलं ते कागदावर सौम्य होऊन बसतं. कडक कायद्याचा हा असाही परिणाम असतो.

एक फोनही महागात पडतो

आता एक गोष्ट, जी इथल्या आयांनी आणि सासवांनी नीट ध्यानात घ्यावी. मारहाणीनंतर तिथलं कोर्ट बहुधा संरक्षण आदेश काढतं. तिच्या घरापासून, नोकरीच्या जागेपासून लांब राहायचं, फोन नाही, मेसेज नाही. पुष्कळ आदेशांत दुसऱ्या कुणामार्फत निरोप पाठवायलाही बंदी असते. धमकी आणि छळापासून बचाव करणारा हा आदेश मोडल्याचं कोर्टाने नोंदवलं, तर मारहाणीचा गुन्हा शाबीत झालेला नसतानाही माणूस हद्दपारीला पात्र होऊ शकतो.

आणि आपल्याकडे काय होतं? लेकीसुनेचं भांडण झाल्याचं कळलं की इथून फोनांची रीघ लागते. सासू सुनेला सांगते, "त्याला पस्तावा झालाय गं, एकदा बोल त्याच्याशी." मामा मध्यस्थी करतात. कुणी त्याचा निरोप तिला पोचवतं. आपल्या लेखी हा संसार सांधण्याचा प्रयत्न. तिथल्या कायद्याच्या लेखी तो आदेशाचा भंग ठरू शकतो, आणि त्यात अडकतो तो त्याच सासूचा लेक.

'केस मागे घे' हा आपला आवडता सल्लाही तिथे चालत नाही. तक्रार बायकोची असली तरी खटला सरकार चालवतं. मागे घ्यायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो, ती नाही. काही राज्यांत तर पोलिसांनाही निवड नसते. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत, तिथे अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर पोलिसांना अटक करावीच लागते. ९११ फिरवला की गाडी रुळावर आली, मग ती थांबवणं तिच्या हातात उरत नाही.

एच-वनवाल्याचं तर शिक्षेपर्यंतही थांबावं लागत नाही. नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खात्याला पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. कोठडीत राहून नोकरी गेली तर नवीन नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नंतर व्हिसाचा अर्ज भरताना 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न असतोच. तिथे खोटं लिहिलं तर फसवणुकीचा ठपका येतो, तो मूळ अटकेहून भारी पडतो. नागरिकत्वाच्या अर्जातही चांगल्या वर्तणुकीचा हिशोब मागतात, आणि प्रोबेशन संपेपर्यंत नागरिकत्व मिळत नाही.

तिच्या पायातली दोरी

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! मारकुट्याला धडा मिळायलाच हवा. मलाही तसंच वाटतं. पण आता तिच्या जागी उभं राहून बघू.

एका तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या कार्यक्रमानंतर एक काकू माझ्यासाठी थांबून राहिल्या होत्या. सगळ्या पांगल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, तिकडे पोलिसांना बोलावलं तर जावई परत येतील ना हो?" मला आधी कळेचना, त्या आशेनं विचारताहेत की भीतीनं. मग त्यांनी लेकीचं बोलणं सांगितलं. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, ह्यांचा व्हिसा गेला तर माझाही जाईल. लहानीची शाळा सुटेल. घराचे हप्ते कोण भरणार? आणि गावात तोंड कसं दाखवायचं?" लेक एच-फोरवर होती. शिकलेली, इथे असताना नोकरी करणारी. तिथे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली.

एच-फोर म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोचा व्हिसा. त्याचा गेला की हिचा गेला. घटस्फोट झाला तरी हिचा गेला. २०१५ पासून काही एच-फोर बायकांना नोकरी करता येऊ लागली, पण नवरा ग्रीन कार्डाच्या वाटेवर एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. बाकीच्यांना कमाई नाही आणि स्वतःच्या नावाचा कागद नाही. आणि नवऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. 'पोलिसांना बोलावलंस तर उद्या विमानात बसवीन', 'ग्रीन कार्डाच्या अर्जातून नाव काढून टाकीन', असल्या धमक्यांना मारहाणीइतकंच बळ असतं. जो कायदा त्याला धाक घालायला केला, तोच तिला गप्प बसवायला त्याच्या हाती लागतो. ही या प्रश्नातली खरी गाठ आहे.

अमेरिकेच्या कायदे करणाऱ्यांना ही गाठ दिसली नाही असं नाही. १९९४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधातला कायदा झाला. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याने छळलेल्या बायकोला त्यामुळे, त्याच्या सहीवाचून आणि त्याला न कळता, स्वतःचा ग्रीन कार्डाचा मार्ग धरता येतो. घटस्फोट झाला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. घरगुती हिंसाचारापायी त्याचंच ग्रीन कार्ड गेलं, तरीही दोन वर्षांची मुदत तिला मिळते. म्हणजे 'त्याला हाकललं की मलाही जावं लागणार' ही भीती अशा बाईपुरती तरी खरी नाही. १९९६च्या ज्या कायद्याने हद्दपारीचं कलम आणलं, त्यानेच आणखी एक नियम केला. अशा बाईच्या अर्जाची माहिती अधिकाऱ्यांनी नवऱ्याला द्यायची नाही, आणि केवळ नवऱ्याने दिलेल्या माहितीवरून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही.

पण एच-वनवाल्याची बायको? तिचा नवरा ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला. तिला हा १९९४चा मार्ग नाही. आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची, कारण दर देशाला ठरावीक वाट्याहून जास्त मिळत नाही. म्हणजे आपल्या लेकीबाळींपैकी पुष्कळजणी नेमक्या या फटीतच दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढतात.

तिच्यासाठी दोन वाटा उरतात. एक, २००० साली आलेला यू व्हिसा. गुन्ह्याची शिकार झालेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्या कुणालाही तो मागता येतो. नवरा कुठल्या व्हिसावर आहे याचा त्यात संबंध नाही. त्यासाठी पोलिसांचा किंवा सरकारी वकिलाचा दाखला लागतो. वर्षाला हे मुख्य व्हिसा फक्त १०,००० देतात, त्यामुळे वाट पाहणं वर्षांवर जातं. दुसरी वाट म्हणजे छळ झालेल्या एच-फोर बाईला स्वतःच्या नावाने दोन वर्षांचा कामाचा परवाना. हा हक्क २००६च्या जानेवारीत सही झालेल्या कायद्यात आला, पण त्याचा फॉर्म प्रत्यक्ष हाती यायला २०१७ साल उजाडलं! सरकार कुठलंही असो, बायकांच्या कामाची फाईल तळालाच जाते, हे वाचून तुम्हाला आपलं तहसील कार्यालय आठवलं असेल.

अटक तिलाच झाली तर?

कडक कायद्याचा आणखी एक उलटा फटका असतो. पोलीस दारात येतात तेव्हा नवऱ्याचं इंग्रजी फर्डं असतं. तो शांतपणे मनगटावरचा ओरखडा दाखवतो. ही रडत असते, धड बोलता येत नाही. स्वतःला सोडवताना मारलेला तो ओरखडा तिच्याच नावावर गुन्हा म्हणून लागू शकतो. मुलं घरी एकटी, म्हणून ती घाईने गुन्हा कबूल करून सुटका करून घेते. आणि हद्दपारीच्या यादीत तीच जाते. अशा बाईसाठी माफीची तरतूद आहे, खरी मारणारी ती नव्हती हे दाखवावं लागतं. पण तिथपर्यंत पोचायला वकील लागतो, पैसा लागतो, धीर लागतो.

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने हद्दपारीची कलमं आणखी रुंद करणारं विधेयक मंजूर केलं. बायकांवर अत्याचार करणाऱ्या परक्यांना थारा नको, असं त्याचं नाव आणि सूर. पण स्थलांतरित पीडितांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संघटनांनीच त्याला विरोध केला. हद्दपारी जितकी अटळ, तितक्या बायका पोलिसांकडे जायला कचरतील, शिवाय उलट अटक झालेल्या बायकाही त्यात भरडल्या जातील, हा त्यांचा मुद्दा. प्रतिनिधिगृहापाठोपाठ सिनेटची मंजुरी मिळाल्याशिवाय असं विधेयक कायदा होत नाही. पण त्यावरचा हा वाद समजून घेण्याजोगा आहे. स्त्रियांच्या नावाने केलेली प्रत्येक गोष्ट स्त्रियांच्या फायद्याचीच असते असं नाही.

इतर देशही याच वाटेवर आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली व्हिसा रद्द करताना घरगुती हिंसाचार हा एक प्रमुख मुद्दा म्हणून धरायचे आदेश अधिकाऱ्यांना दिले. ब्रिटनने २०२४च्या जानेवारीअखेर केलेल्या नियमांत एक चांगली गोष्ट केली. बायकोला फसवून मायदेशी आणून टाकून देणारे नवरे असतात. अशा बाईला परदेशातूनच ब्रिटनमध्ये परतण्यासाठी अर्ज करण्याची सोय त्यात आहे.

तो परत येतो, तेव्हा

हद्दपारीबद्दल बोलताना सगळे एक विसरतात. अमेरिकेतून काढलं म्हणजे माणूस हवेत विरत नाही, तो इथे येतो. तिच्या आईवडिलांचं घर असलेल्याच गावात, त्याच गल्लीत. तिथला संरक्षण आदेश इथल्या पोलीस ठाण्यात आपोआप लागू होत नाही. इथे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नव्याने अर्ज करावा लागतो. तो ती सध्या राहत असेल तिथल्या, म्हणजे माहेरच्या गावच्या कोर्टातही करता येतो. छळाची फौजदारी तक्रारही, सासर सोडून जिथे आसरा घेतला तिथे करता येते, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केलं. पूर्वीचं ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे.

नोकरी गेलेला, अपमान झालेला नवरा पोटगी काय देणार, हाही प्रश्न आहेच. म्हणून तिथल्या काही बायका म्हणतात, त्याला शिक्षा होऊ दे, वर्गाला बसव, माझ्यापासून लांब ठेव, पण कमावता ठेव. त्यांना आपण दुबळ्या म्हणायचं का? मला नाही वाटत. त्या मुलांच्या ताटाचा हिशोब करत असतात.

आपलं सरकार काय करतं? राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून परदेशस्थ भारतीयांच्या विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. अशा विवाहांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९च्या फेब्रुवारीत राज्यसभेत मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत विधि आयोगाने आपल्या २८७व्या अहवालात सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली. शिफारशी होतात, लग्नं मात्र दर मोसमात होतच असतात.

मग आपण काय करावं?

परदेशी जाणाऱ्या लेकीला आपण लोणच्याची बरणी, पुरणयंत्र, दहा साड्या देतो. त्यासोबत या काही गोष्टीही द्या.

तिचा पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या व्हिसाच्या कागदांच्या प्रती एक संच माहेरी ठेवा. पासपोर्ट कायम तिच्याच ताब्यात राहू दे. तिच्या एकटीच्या नावाचं बँकेत खातं असू दे, थोडे का होईना पैसे त्यात असू देत.

जवळच्या संस्थेचं नाव तिला पाठ असू दे. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी आहे. न्यूयॉर्कमध्ये 'सखी', कॅलिफोर्नियात 'मैत्री' आणि 'नारिका', शिकागोत 'अपना घर', ह्यूस्टनमध्ये 'दया' आहे. नावंही आपल्या तोंडची आहेत. तिथे बोलायला जाणं म्हणजे केस करणं नव्हे. आधी माहिती घेता येते, मग ठरवता येतं.

जिवावर बेतलं तर मात्र ९११, तिथे व्हिसाचा विचार नाही. पोलिसांपुढे इंग्रजी अडलं तर दुभाषी मागावा. नवऱ्याला किंवा त्याच्या मित्राला दुभाषी होऊ देऊ नये. जखमांचे फोटो, दवाखान्याचे कागद, पोलिसांच्या अहवालाची प्रत जपून ठेवावी. पुढे यू व्हिसा असो की कामाचा परवाना, हेच कामी येतं. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी फौजदारी वकिलाबरोबरच इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारावं.

आणि मूल घेऊन रातोरात भारतात निघून येण्याआधी वकिलाशी बोलायलाच हवं. तिथलं कोर्ट त्याला मुलाचं अपहरण समजू शकतं. मुलं पळवण्यासंबंधीच्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे 'इथे आलं की सुटलो' असं वाटतं. पण तिथे वॉरंट निघालं तर तिचा परतीचा रस्ता बंद होतो आणि मुलाच्या ताब्याचा खटला वर्षानुवर्षं चालतो.

सगळ्यात शेवटी आपल्या बोलण्याविषयी. लेकीचा असा फोन आला, की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "अगं, पण त्याच्या व्हिसाचं काय?" ते गिळा. त्याऐवजी विचारा, "तू आत्ता सुरक्षित आहेस ना?" त्या काकूंनाही मी हेच सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की व्हिसा जाईल तो त्याच्या हातून जाईल, तिच्या फोनमुळे नाही. हात त्याने उचलला आहे. ती परत आली तर तिच्यासाठी आपल्या घरात जागा आहे, हे तिला आजच, मारहाणीचं नावही नसताना, कळू द्या. ते ठाऊक असलं तर व्हिसाची धमकी ऐकून तिला एकटीला गप्प बसावं लागणार नाही.